सेट तुटणार नाही: सुनंदाच्या लाइव्हसाठी सुरतेत चार दिवस

मी जळगावात दुकानदारांना ऑनलाइन विक्री शिकवतो. फोटो कसा काढायचा, जाहिरात कशी लिहायची, लाइव्हवर काय बोलायचं, असं सगळं. त्यामुळे सुरतेहून मावसबहीण सुनंदाचा फोन आला तेव्हा माझी छाती जरा फुगलीच.

"भाऊ, तू ये. येत्या रविवारचा लाइव्ह गेला तर माझं दुकान गेलंच समज," ती म्हणाली.

सुनंदा गोडादऱ्यात राहते. नवरा गोकुळराव पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. ती स्वतः कित्येक वर्षं घरबसल्या साड्यांना लेस लावायची. गेल्या दिवाळीपासून तिने फोनवर लाइव्ह करून साड्या विकायला सुरुवात केली होती. आता कापड मार्केटातल्या एका शेठने पहिल्यांदाच तिला नुसत्या शब्दावर वीस सेट दिले होते. अट एकच. सोमवारपर्यंत विकले तर पुढचा माल, नाहीतर होता तो परत आणि पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही. म्हणजे परत लेस.

मी लगेच तिकीट काढलं. सोबत माझी सगळ्यात भारी स्क्रिप्ट घेतली.

शुक्रवार

जळगावहून सुरतेला जायचं तर दिवसाची गाडी धरा, तापी लाइन बघण्यासारखी आहे. नवापूरला स्टेशनातूनच दोन राज्यांची हद्द जाते. मी महाराष्ट्रातून चहा घेतला आणि गुजरातेत जाऊन प्यायलो. व्यारा, बारडोली मागे पडलं की चलथाणच्या साखर कारखान्याचा वास डब्यात शिरतो, तेव्हा बॅग खाली काढायची. गोडादऱ्याला जाणाऱ्यांनी सुरत स्टेशनपर्यंत जाऊ नये, उधन्याला उतरावं. बाहेर शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाल्याशी मी मोडकंतोडकं गुजराती बोललो, तर तो आपल्या अहिराणीत म्हणाला, "कोणतं गाव तुमनं? मी शिंदखेड्याना." झालं, गुजराती तिथेच संपलं.

घरी कळण्याची भाकरी आणि भरीत तयार होतं. जेवता जेवता मी स्क्रिप्ट वाचून दाखवली. "फक्त एकच नग! अशी साडी तुमच्याशिवाय कोणाकडेच नसेल!" दुर्मीळ गोष्टीवर माणूस उडी मारतो, हा माझ्या वर्गाचा पहिला धडा.

"पण शेठनी तर सहा सहाचे सेट दिलेत," सुनंदा म्हणाली. "एक डिझाइन, सहा रंग."

"सेट फोडायचा," मी म्हणालो. गोकुळराव भाकरी मोडत राहिले.

शनिवार

सकाळी नाश्त्याला लोचो. वाफेवरचा, गरम, वर तेल आणि शेव. नाव ऐकून नाक मुरडू नका, दोन प्लेट सहज जातात. थंडीत गेलात तर पोंकही खा. ज्वारीचा कोवळा हुरडाच तो, पण सुरतेत लिंबू-मिरीची शेव घालून असा देतात की आपल्याला आपलाच हुरडा नव्याने आवडायला लागतो.

मग मार्केट. इथे पहिल्यांदा जाणाऱ्याने एक लक्षात ठेवावं, रिंगरोडवर चालताना डोक्यावर गठ्ठा घेतलेल्या माणसाला आधी वाट द्यायची. तो थांबत नाही. दुकानं गाळ्यागाळ्यांची, आत पांढरी गादी, गादीवर शेठ. मला पाहताच शेठने गादीवर बसवलं, पाणी मागवलं. सुनंदा चपला घालून उंबऱ्याशीच उभी राहिली. ती नेहमी तिथेच उभी राहते, हे मला नंतर कळलं.

मी म्हणालो, "शेठ, वीस डिझाइनचा एकेक नग ठेवतो, बाकीचे बदलून द्या. वेगवेगळं दाखवता येईल."

शेठ हसले. "भाई, सुरत में सेट नहीं टूटता. पाँच रंग मैं किसको बेचूँगा? बेन को समझाओ, सोमवार बोला है तो सोमवार."

बाहेर आल्यावर मी वैतागलो होतो. जुन्या चालीचे लोक, यांना ग्राहक कळत नाही, वगैरे बरंच बोललो. शेवटी मीच तोडगा काढला. लाइव्हवर एकच रंग दाखवायचा, बाकीचे पाच आतल्या खोलीत लपवून ठेवायचे. एवढी हुशारी मी आयुष्यात क्वचितच दाखवली असेल.

रविवार

दुपारी चारला लाइव्ह. खिडकीशी फोनचा स्टँड, मागे भिंतीवर स्वच्छ चादर. मी फोनच्या मागे खाटेवर, हातात स्क्रिप्ट. गोकुळराव आतल्या खोलीत लपवलेल्या मालापाशी.

सुनंदाने माझी वाक्यं घडाघडा म्हटली. "एकच नग! कोणाकडेच नसेल!" बघणारे शेकडो झाले, मला हुरूप आला. पण ऑर्डर येईना. अर्ध्या तासात एक जांभळी साडी गेली, बास. म्हणजे एक सेट फुटला, त्याचे पाच रंग गळ्यात. सुनंदाच्या कपाळावर घाम दिसायला लागला. उद्या शेठला तोंड तिला द्यायचं होतं, मला नाही.

तेवढ्यात शिरपूरच्या एका बाईंचा प्रश्न आला. "ताई, अश्याच आजून पाच शेत का? लगीनमा जावास्ले देवान्या शेत."

लग्नात जावांना द्यायला त्यांना अशाच आणखी पाच हव्या होत्या. मी खाटेवरून जोरजोराने हात हलवले. नाही म्हण! एकच नग!

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे वळून ओरडली, "अहो, सगळा सेट आणा!"

गोकुळराव जणू याच हाकेची वाट बघत होते. सहाही साड्या तिने मांडीवर पसरल्या आणि घरच्या बोलीत सुरू झाली.

"बहिनीसवन, देखा! तुमना घर लगीन शे ना? सहा जावा, सहा साड्या. डिझाइन एकच, काठ एकच, भाव एकच. फक्त रंग न्यारा. रुसाले कोन्ले जागाच नही!"

ज्यांना आमच्याकडची लग्नं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आहेरात एका जावेची साडी दुसरीपेक्षा उजवी निघाली की मांडवातच तोंडं उतरतात, आणि तो रुसवा पुढे बारशापर्यंत चालतो. लग्नघरातल्या बाईला दुर्मीळ साडी नको असते. तिला हव्या असतात सारख्या साड्या. मी याच खानदेशात वाढलो, माझ्याच आईला आहेराच्या घड्या दहादा उलगडून काठ जुळवताना पाहिलंय, आणि शहाणपण शिकवायला सुरतेला आलो!

पुढचं मी नुसतं बघत राहिलो. शिरपूरचा सेट गेला. मग साक्री, अमळनेर, पारोळा. सुरतेतल्याच लिंबायत आणि पांडेसऱ्यातूनही बायका लिहू लागल्या. जांभळी घेणारी बाई परत आली: "ननंदा पण बघतायत, बाकीच्या पाचही पाठवा." तासाभरात आतली खोली रिकामी झाली. गोकुळरावांनी दारात येऊन दोन्ही रिकामे हात वर केले, आणि सुनंदा फोनसमोरच हसता हसता रडली. मीही रडलो, लपवत नाही.

संध्याकाळी पार्सलं बांधताना माझ्याकडे फक्त चिकटपट्टी कापायचं काम होतं. पत्ते सुनंदाच लिहीत होती. एक पार्सल तिने पालथं ठेवलं. बायकोसाठी एक साडी मागितली तर म्हणाली, "संपल्या, भाऊ. तुझ्यासाठी सेट फोडू का?"

सोमवार

गाडीच्या आधी मार्केटात गेलो. या वेळी शेठ स्वतः उठले. "आओ सुनंदाबेन, बैठो." ती चपला काढून गादीवर बसली. पुढच्या मालाचे सेट तिच्यासमोर उलगडले गेले, तीन तिने नापसंतही केले. पुदिन्याचा चहा आला, पहिला कप तिला. मी उंबऱ्याशी उभा होतो, चपला घालून, आणि इतकं छान मला कुठल्याच गादीवर बसून वाटलं नव्हतं.

घरी

या प्रवासाला पैसे फारसे लागले नाहीत, रेल्वेचं जनरल तिकीट आणि नाश्ता एवढंच. अभिमानाचा खर्च मात्र बराच झाला. वर्गातला पहिला धडा मी काढून टाकलाय. आता पहिल्या दिवशी दुकानदारांना एकच विचारतो: तुमची साडी, तुमचा डबा, तुमची सायकल घेणारा माणूस ती कोणाला देणार आहे?

गुरुवारी दाराशी पार्सल आलं, बायकोच्या नावाने. पाठवणारी म्हणून ठळक अक्षरात लिहिलं होतं: सुनंदा, गोडादरा, सुरत. आत सहा साड्या.

"तू लाइव्ह बघत होतीस?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. हा सेटही मीच मागवला. पण पहिला अर्धा तास तू काय लिहून दिलं होतंस रे?" ती म्हणाली, आणि दोन्ही वहिनींना फोन लावायला उठली.