मेथीच्या वाफ्यात आई

बाळापूरच्या मळ्यात पाण्याची बादली उचलताना आईच्या मणक्यातली गादी सरकली. त्या दिवसापासून तिचं वाकणं बंद झालं.

परवा अमरावतीच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेतली. मुळांना ओली माती होती. त्या वासानं मी हिवाळ्यातल्या एका जुन्या सकाळी जाऊन पोचले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी वाकायचं नाही, असं बजावलं होतं. दादा म्हणाला, "माय, मेथीचे वाफे दुसऱ्याले बटईनं, अर्ध्या वाट्यानं देऊन टाकतो. तू घरी आराम कर." कंबरेला पट्टा बांधून, माझ्या खांद्यावर हात ठेवून आई त्या सकाळी मळ्यात आली. वाफ्यांमधल्या सरीत तिनं मला पोतं अंथरायला लावलं आणि हळूहळू कुशीवर आडवी झाली. मग एकेक रोप उपटू लागली. दवानं तिची बाही भिजली, गालाला माती लागली.

दादा धावत आला. "डॉक्टरनं काय सांगतलं तुले?"

"वाकू नोको म्हने. लेटू नोको थोडी म्हनला!"

शेजारच्या मळ्यातून शबानाचाची हसल्या, "काहो भाभी, मेथीले झोपवून राहिल्या का?"

"नाई वं शबाना. अजून हाय मी, थे सांगून राहिली तिले."

तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला होता. आता माझीही कंबर धरते, तेव्हा कळतं. दुखण्यानं तिला आडवं पाडलं होतं, पण तिनं काय करायचं हे ठरवायचा हक्क तिनं दुखण्याला दिला नाही.

दादानं वाफे बटईनं दिले नाहीत. आता आई नाही. वाफे आहेत, आणि गावात ते अजून तिच्याच नावानं ओळखले जातात.