कुंकू लागलेल्या कार्डाचा भाव

"एवढ्याशा पुठ्ठ्याला कोण एवढे पैसे देतं?" या प्रश्नाइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. विचारणारा बहुतेक वेळा सुरतच्या कापड मार्केटात बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांदेखत एकाच सुताचा, एकाच वजनाचा कापडाचा ताका सकाळी एका भावाने जातो आणि संध्याकाळी दुसऱ्याच, आणि तरी त्याने मला हे विचारावं. पूर्वी मी समजावत बसायचो. आता म्हणतो, देणारे देतात, तुम्ही नका देऊ, आणि चहा मागवतो.

मी ट्रेडिंग कार्डांचा धंदा करतो. क्रिकेटवाल्यांची, फुटबॉलवाल्यांची, जपानी कार्टूनमधल्या चित्रविचित्र प्राण्यांची छापील कार्डं. लोक ती जमवतात, बदलतात, विकतात आणि त्यावरून भांडतातही. सुरतेत असे हौशी लोक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत, आणि एखाद्या कार्डाच्या भावावरून दोघांचं जुंपलं की फोन मला येतो. मी सांगतो तो आकडा सहसा टिकतो. यात बढाई नाही, म्हणजे थोडी आहे, पण खोटी नाही.

ही नजर मला सुरतच्याच भेस्तान भागाने दिली. कार्डांच्या आधी मी तिथल्या एका कारखान्यात चेकिंगला होतो. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकतंय आणि आपण डोळ्यांत तेल घालून बघत उभे. तेलाचा डाग, तुटलेला धागा, कुठे वीण सैल पडलेली. काही नसलं तर ताका फ्रेश. काही असलं तर सेकंड, आणि सेकंडचा भाव एकदम खाली. नवीन माणूस हमखास वाद घालायचा की साडी नेसल्यावर हा डाग निऱ्यांत जाईल, कोणाला दिसणार आहे. पण डाग दिसतो का, हे तिथे कोणी विचारतच नाही. डाग आहे का, एवढंच विचारतात. कार्डांच्या बाजारात आल्यावर मला नवीन असं फार शिकावं लागलं नाही.

भाव कसा ठरतो ते एकदाच सांगून टाकतो. कार्डावर कोण आहे हे पहिलं. मग ते त्याच्या कितव्या वर्षाचं आहे, कारण पदार्पणाच्या वर्षातल्या कार्डाला जी मागणी असते ती त्याच्या पुढच्या कुठल्याच कार्डाला नसते. हा पोरगा मोठा होईल की चार सामने खेळून गायब होईल, हे कोणालाच माहीत नसताना ते छापलेलं असतं ना. मग त्या नक्षीची कार्डं एकूण किती छापली. मोजकी छापली असतील तर मागे नंबर असतो. आणि मग कार्डाची तब्येत. चारही कोपरे टोकदार हवेत, चित्र बरोबर मध्ये बसलेलं हवं, कडा पांढऱ्या पडलेल्या नकोत, पृष्ठभागावर ओरखडा नको. परदेशात पाठवलं की तिथले लोक भिंगाखाली बघून दहापैकी गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद करून परत पाठवतात. दहा गुणांचं कार्ड आणि नऊ गुणांचं कार्ड शेजारी ठेवलं तर तुम्हाला काडीचाही फरक दिसणार नाही. भावात दिसतो.

एवढं करून पुन्हा खेळाडूचा फॉर्म आहेच. त्याने शतक मारलं की माझा फोन तापतो. त्याचा गुडघा दुखावला की काल 'राखून ठेव' म्हणणारेच आज 'काढून टाक' म्हणतात. आणि इंटरनेटवर लिहिलेल्या भावाला तर भाव म्हणूच नये. तिथे कोणीही काहीही लिहितो. मी फक्त विकल्या गेलेल्या कार्डांचे भाव बघतो, तेही ताजे, आणि त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून देतो. वरचा कोणीतरी हट्टाला पेटून दिलेला असतो आणि खालचा कोणीतरी अडचणीत घेतलेला असतो.

हे सगळं जगाला पटवणं सोपं होतं. आईला नाही. आम्ही मूळचे खानदेशातले, राहतो सुरतच्या गोडादऱ्यात. वडिलांची हयात लूमवर गेली, आई घरी बसून साड्यांवर डायमंड, म्हणजे चमकीचे खडे, चिकटवते. दोघांच्या कामाला हात लावता येतो. माझ्या कामाला आईच्या मते नाव नव्हतं. पाव्हणे आले की ती आमच्या अहिराणीत सांगायची, आंडोर कापडना मार्केटमा शे, म्हणजे पोरगा कापड मार्केटात आहे. मी ऐकून घ्यायचो.

एका पितृपक्षात धुळ्याकडचे एक नातेवाईक आले, त्यांच्यापुढे तिने पुन्हा तेच सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, कापड नाही, मी कार्डांचा धंदा करतो. पाव्हण्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि काळजीने विचारलं, पत्ते? म्हणजे रमी वगैरे? मी समजावायला गेलो तसा आणखीच रुतत गेलो. आईचा चेहरा असा उतरला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. ही गोष्ट गावाकडे पोहोचेपर्यंत मी जुगारी झालेला असणार हे तिला कळून चुकलं होतं.

पाव्हणे गेल्यावर आम्ही दोघं चांगलेच भांडलो. मी कपाटातून माझं सर्वांत भारी कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. एका बॅट्समनचं पदार्पणाच्या वर्षातलं, त्याच्या हातच्या सहीचं, मागे नंबर टाकलेलं. कोपरे असे की बोटाला टोचतील. म्हटलं, माय, हे कामरेजच्या एका शेठने मागितलंय, दसरा झाला की सौदा आहे, नवीन मोटारसायकल येईल एवढा भाव ठरलाय. हाऊच मन्हा धंदा शे. तिने ते लांबूनच पाहिलं आणि पुन्हा साडीवर डायमंड चिकटवायला लागली.

मला तिच्या तोंडून ते हवं होतं. धंदा. तो एक शब्द. या एका सौद्याने तो मिळेल अशी माझी खात्री होती, कारण ठरलेला भाव बरोबर होता, माल फ्रेश होता आणि गिऱ्हाईक पक्कं होतं. शेठ ते कार्ड स्वतः परदेशी पाठवून गुण लावून घेणार होते म्हणून मी ते बंद करून आणलं नव्हतं. नुसतंच मऊ पिशवीत आणि वरून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. त्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर देवापुढे पाट मांडलेला. पाटावर वडिलांची लूमवरची छोटी कात्री, सूत ओढायचा हूक, आईची डायमंड चिकटवायची चिमटी, झेंडूची फुलं. आणि मधोमध माझं कार्ड. पाकिटातून काढलेलं, पिशवीतून काढलेलं, उघडं. प्लॅस्टिकला काय कुंकू लावायचं, असा तिचा विचार. बॅट्समनच्या बरोबर डोक्यावर, पांढऱ्या कडेला चिकटून, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक, अशी दोन ओली बोटं उठली होती. वर अक्षता.

तळपायाची आग मस्तकाला गेली. ओरडायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आई निरांजन घेऊन वळली आणि मला बघून म्हणाली, "तुन्हा बापनी कात्री पुजी. मंग तुन्हं काय पुजाले नको?"

मी तोंड मिटलं. एवढा राग आणि एवढा आनंद एकदम कधी झाला नव्हता मला, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळेना. मी पाटापुढे बसलो, हात जोडले, तिने दिलेला गूळ-खोबऱ्याचा प्रसाद खाल्ला. वडील म्हणाले, आज कार्डाला हात लावू नकोस, अवजार आज विश्रांती घेतं. तेव्हा तो ओला रंग दिवसभर कागदात मुरत राहिला आणि मी दिवसभर त्याच्याकडे बघत राहिलो.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी ते उचललं. अक्षता आपोआप गळाल्या. गुळगुळीत भागावरचं कुंकू कोरड्या मऊ फडक्याने निघालं, पण कडेचा कागद उघडा असतो, तिथे हळदीबरोबर कुंकूही आत शिरलं होतं. हळद काय चीज आहे ते ज्याने चेकिंगच्या टेबलावर जेवणाचा डबा उघडलाय त्याला विचारा.

आमच्या कार्डवाल्यांच्या ग्रुपमध्ये फोटो टाकला. एकाने लगेच उपाय सांगितला, कड केसभर कापून घे, कोणाला कळणार नाही, मुंबईत एक जण असं काम सफाईने करतो. दुसऱ्याने सांगितलं, विकूच नको, आईची आठवण म्हणून फ्रेम कर. पहिल्याला मी ग्रुपमधून काढून टाकलं. डागी माल फ्रेश म्हणून खपवणाऱ्याचं मार्केटात काय होतं ते मी बघितलेलं आहे. एकदाच खपतो, पुढे त्याच्या फ्रेश मालालाही लोक उलटंपालटं करून बघतात.

दुसऱ्याच्या म्हणण्याने मात्र मी थोडा घुटमळलो. फ्रेम छान दिसली असती. पण मग वाटलं, आईने कुंकू लावलं ते मालाला लावलं. कात्री पुजून झाल्यावर वडिलांनी ती भिंतीला टांगून ठेवली नाही, दुसऱ्या दिवशी खिशात घालून लूमवर गेले. मी कार्ड फ्रेम करून भिंतीवर लावलं तर तो पुन्हा नादच झाला असता, आणि तिने लावलेलं कुंकू फुकट गेलं असतं. मी शेठना फोन केला आणि ठरल्या दिवशी कामरेजला निघालो.

शेठचा हायवेलगत प्लॅस्टिकच्या डब्यांचा कारखाना आहे. गुजराती माणूस, माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा, आणि कार्डांचं वेड मात्र शाळकरी पोराला लाजवेल असं. मी बसल्या बसल्या कार्ड काढलं आणि डागाची बाजू त्यांच्याकडे करून ठेवलं. बाकी काही बोलण्याआधी त्यांना ते दिसावं अशी माझी इच्छा होती. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि मान वर केली.

"आ तो कंकु छे."

मी सगळं सांगितलं. पाव्हण्यांपासून प्लॅस्टिकला कुंकू न लावण्यापर्यंत. ते हसले, पोट धरून हसले, आणि म्हणाले की आमच्या घरीही हेच, दिवाळीला चोपड्यावर कंकु, तिजोरीवर कंकु, एकदा तर नव्या फोनच्या कॅमेऱ्यावर. मग भिंग खाली ठेवून गंभीर झाले.

"लेकिन भाई, धंधे में तो ये सेकंड है।"

मी म्हणालो, अर्थातच सेकंड आहे, म्हणून भावही सेकंडचाच सांगतो. हळद लागलेलं कार्ड बाजारात याआधी कोणी विकलेलं असण्याची शक्यता नव्हती, तेव्हा मी याच नक्षीची शाईचा डाग पडलेली, कोपरा मुडपलेली जी कार्डं विकली गेली होती त्यांचे भाव घेतले होते, आणि सही शाबूत असल्याचं थोडं वर धरलं होतं. कसा आकडा आला ते त्यांना पायरी पायरीने सांगितलं. ठरलेल्या भावाच्या निम्म्याहून खाली आला होता. घासाघीस करायच्या तयारीने बसलेल्या माणसाला करण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि पैसे मोजून दिले. निघताना म्हणाले, पुढच्या वेळी कोणतंही कार्ड असू दे, आधी मला दाखव. हे वाक्य मी जपून ठेवलंय, कारण ते गिऱ्हाइकाचं आहे.

परतीच्या वाटेवर खिन्न वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती.

घरी आलो तर आई मांडीवर साडी पसरून बसली होती. मी हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं. तिने मान वर न करताच विचारलं, "कितलामा दिधं?"

इतक्या वर्षांत तिने मला कधी भाव विचारला नव्हता. वडिलांना विचारायची, शेजारणीला विचारायची, भाजीवाल्याला तर रोज विचारायची. मी आकडा सांगितला. तिच्या हातातली चिमटी थांबली.

"सस्तामा दिधं तू."

कारण सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "बजार मंदा व्हता, माय."

"मंग थांबाले जोयजे व्हतं," ती म्हणाली. "धंदावालानी अशी घाई नही करो." मग पुढची खरेदी कोणती, त्यात किती सुटतील, शेठ रोखीने देतो की उधारीत ठेवतो, असं एकेक विचारत गेली, आणि मी जेवता जेवता उत्तरं देत गेलो.