माशांना गूळ

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझं मलाच कळत नाही. शाळा चौथीपर्यंत. ही वही मी पेटीच्या तळाशी ठेवते. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर त्यानं चुका पोटात घालाव्यात.

लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेरी नवी, कलेक्टर नवा, पाट्या नव्या. नळ तेवढा जुना, आणि दुष्काळानं तोही कोरडा. अशा वर्षी मी एका कॉलेजात कामाला लागले, ते माशांचा स्वयंपाक करायला.

पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, त्या बारीक माशा. मक्याचं पीठ, गूळ आणि खमीर शिजवायचं, काचेच्या बाटल्यांत ओतायचं, निवलं की माशा आत सोडून कापसाचं बूच लावायचं. दर पंधरा दिवसांनी नवी बाटली, नाहीतर माशा मरतात. आमच्या घरी तेव्हा चहातही गूळ बघून बघून पडायचा. सासूबाई म्हणायच्या, "आम्हाला कोरडी भाकर अन् माशांना खीर! पुढच्या जन्मी माशीच हो बाई." आम्ही बौद्ध, पुढचा जन्म मानत नाही. टोमण्यापुरता सासूबाई मानायच्या.

प्रयोगशाळेच्या मॅडम रक्ताचा अभ्यास करायच्या. माशीच्या आळीला सुईनं टोचलं की पाण्यासारखा थेंब येतो, तेच तिचं रक्त. त्यातल्या पेशी कशा तयार होतात हे कळलं, तर माणसाच्या रक्ताचंही थोडं कळेल, असं त्या सांगायच्या. एका जातीच्या आळ्यांच्या अंगात काळे ठिपके असायचे. रक्तातल्या पेशी नको तितक्या वाढून झालेल्या गाठी त्या. ही जात लांबून टपालानं आलेली. मॅडमचं सगळं काम तिच्यावर.

मॅडम तीन महिने पुण्याला शिकायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "ताई, बाकीच्या मेल्या तरी चालतील, ठिपकेवाल्या जगवा. सामानाचं ऑफिसात सांगितलंय."

ऑफिसात सांगितलेलं ऑफिसातच राहिलं. महिन्यात गूळ संपला. हेडक्लार्कच्या दारात मी दोनदा उभी राहून परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं,

"काय पाहिजे बाई?"

"गूळ. माशांना."

सगळं ऑफिस हसलं. "आमच्या घरी तर बिनगुळाच्याच येत्यात! हे बघा, माशा मारायच्या पावडरीचं बिल आणा, आत्ता मंजूर करतो. पाळायचं खातंच न्हाई. जिल्हा नवा हाय, कागद अजून जुन्या जिल्ह्यातून यायचेत."

मॅडमना पत्र लिहावं, तर अक्षर हे असं. घराच्या गळक्या छपरावर पत्रे टाकायला मी पैसे साठवले होते. दुष्काळात छप्पर गळत नाही, एवढा एक फायदा. त्या पैशांनी गूळ आणला, मका आणला. खमीर लातुरात मिळेना, तर एसटीनं नांदेडला जाऊन एका बेकरीतून आणलं. शेजारीण विचारायची, "माहेरी चालली का?" माझं माहेर लोह्याकडचं, नांदेडच्याच वाटेवर; मी मान हलवायचे. दुकानदारांच्या चिठ्ठ्या कापसाच्या डब्यात टाकत गेले.

मॅडम आल्या त्या सरळ बाटल्यांकडे गेल्या. एक आळी दुर्बिणीखाली ठेवून बराच वेळ पाहिली, मग मला बोलावलं. काळे ठिपके होते. दुसऱ्याचं दुखणं बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

बूच बदलायला त्यांनी कापसाचा डबा उघडला आणि चिठ्ठ्या निघाल्या.

"हे पैसे कुणी दिले?"

मी फरशीकडे पाहिलं. त्यांना तेवढं पुरलं.

ऑफिसात त्या तासभर भांडल्या. खातं काही उघडलं नाही. शेवटी हेडक्लार्कनीच तोड काढली: तेवढ्याच रकमेचं, माशा मारायच्या पावडरीचं बिल. सही माझी. दर रविवारी मी विहारात म्हणते की जीव मारणार नाही, खोटं बोलणार नाही. इथं एका वचनाला जागायला दुसरं मोडायचं, आणि कागदावर तर दोन्ही मोडलेली. कशीबशी बोलले, "साहेब, मी एक बी माशी मारली न्हाई."

"कागदावर मेल्या बाई, बाटलीत जित्या हायेत. करा सही."

केली. त्यांच्यासमोर नोटा मोजायची लाज वाटली, तशाच पदराला बांधल्या. घरी सासूबाईंनी थुंकी लावून दोनदा मोजल्या.

"पुऱ्या हायेत," त्या म्हणाल्या.