उपाशी वाकळ

ये गं पोरी, अशी जवळ बस. उंबऱ्यावर काय टेकलीस पावण्यासारखी? वर्षातून एकदा यायचं आणि तेही घड्याळ बघत! बस, एका वाकळेची गोष्ट सांगते.

तेव्हा आमच्या शिवाजी पेठेत नुकते घरोघरी मोबाईल येत होते. माझी भाची, भावाची थोरली, उत्तर ध्रुवाकडं जायची. तिथं समुद्रच गोठतो. त्या बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची, तो किती घटत चाललाय ते बघायचं, हे तिचं काम. मोजलंच नाही तर वाचवा म्हणून कुणाला सांगणार, असं म्हणायची. पहिल्या खेपेला थंडीनं यंत्राची बॅटरीच बसली, मापं अर्धी राहिली. दुसऱ्या खेपेला निघताना म्हणाली, "आत्ती, बॅटरीला एक वाकळ शिवून दे की."

"बॅटरीला? माणसं संपली व्हय गं पांघरायला?"

पण शिवली. मऊ झालेलं जुनं लुगडं, आत घोंगड्याचा तुकडा, टाके दाट. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घातला. आमच्यात वाकळ उपाशी ठेवत नाहीत. ठेवली तर नेणाऱ्याला सुख लागत नाही.

भाचीचा हात त्या कोपऱ्यावर थांबला. "ह्यात भाकरी हाय?"

"मग? रिकाम्या पोटाची वाकळ देऊ तुला?"

"आत्ती, तिथं पांढरं अस्वल वासावर येतंय. बर्फावरनं ते सील धरतं. बर्फ घटला, तसं उपाशी फिरतंय. माणसाच्या अंगावर आलं तर गोळी घालावी लागती त्याला."

लांब निघालेल्या लेकराची वाकळ उसवायची? आणि नाही उसवली तर? तिचा जीव, नाहीतर त्या मुक्या जनावराचा. कात्री घेतली. तुकडा काढून तिच्यापुढं धरला. "मग हे तू खा. वाकळेचा घास तुझ्या पोटात जाऊ दे."

वाळून खडखडीत झालेला तुकडा कडाकडा चावत म्हणाली, "ह्यापेक्षा तिथला बर्फ मऊ हाय." अशी वांड! मग वाकळ धुऊन उन्हात वाळवली आणि दिली.

पुढं तिचा फोन आला. बॅटरी टिकली, सगळी मापं झाली. अस्वल लांबूनच दिसलं आणि आपल्या वाटेनं गेलं.

"आणि बर्फ?"

"घटलाय, आत्ती. पण आता दाखवता येईल लोकांना."

मी म्हटलं, "झालं की मोजून. आता घरी ये."

अजून जाते ती, आणि दर खेपेला मी हेच सांगते. तुलाही सांगते. पुढच्या वेळी मुक्कामाला ये, आणि लवकर ये बाई.