तिसऱ्या टेकमधली आठ पावलं

आधीच सांगून ठेवतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. डिंगोऱ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की लोक म्हणतात, नजर लागली... मी मोटर उघडतो आणि तार कुठे जळालीय ते बोट ठेवून दाखवतो. त्यामुळे खालचं वाचून कुणी मला वेड्यात काढलं तर हरकत नाही. मीही काढलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मी 'उफराटे'चा फॅन आहे. वय पंचेचाळीस, पोट सुटलेलं, तरी फॅन. आपल्याच जुन्नर-आंबेगावातल्या सहा जणांचा हा स्का-पंक बँड. स्का-पंक म्हणजे काय? वरातीत पाय जमिनीवर पडतो तेव्हा ढोल वाजतो ना, यांच्यात पाय वर उचललेला असतो तेव्हा गिटार वाजते. खाली ड्रम असा पळतो की मागे बिबट्या लागलाय, आणि वर ट्रंपेट-ट्रॉम्बोन मजेत. पहिल्यांदा महाळुंगे पडवळच्या यात्रेत ऐकलं आणि घरी येईपर्यंत गाडीच्या टाकीवर बोटांनी तो उलटा ठेका धरला. मागून सुनंदा, म्हणजे बायको, म्हणाली, "खड्ड्यांकडं बघा आधी." त्यांचं 'ट्रान्सफॉर्मर पुन्हा गेला' मी दुकानात इतकं वाजवतो की गिऱ्हाईक मोटर ठेवून बाहेर जाऊन उभं राहतं.

पण खरा जीव मिलिंदच्या ट्रंपेटवर. गाणं कितीही उड्या मारणारं असो, त्याचा सूर आला की कुणीतरी लांबच्या गावाला निघालंय असं वाटतं आणि माझ्या हातातलं काम तसंच राहतं. तो शिकला वडिलांकडून. भिवातात्या चाळीस वर्षं लग्नाच्या बँडचे मास्तर होते. हातात पितळी शिट्टी, सगळा बँड त्या शिट्टीवर. बँडवाल्यांचा एक नेम असतो, तुम्ही पाहिला असेल. वाटेत ज्या घरात मयत झालेली असेल, त्या घरापाशी वाजवायचं नाही. मास्तर शिट्टी मारून म्हणणार, "घर आलं," की वाद्यं खाली. घर ओलांडेपर्यंत फक्त पावलं वाजतात.

मागच्या जयंतीला आमच्याच गावात मिरवणूक होती. तात्या पुढे चालत, मागे ट्रॉलीवर उफराटे. वाटेतल्या एका घरात त्याच दिवशी मयत झाली होती. तात्यांनी शिट्टी मारली. पण या पोरांच्या कानात इअरफोन, आपलाच आवाज नीट ऐकू यावा म्हणून घातलेले. शिट्टी कुणालाच ऐकू गेली नाही. भर जोरात वाजवत ते त्या दारावरून गेले... दारात त्या घरच्या बाया बसल्या होत्या.

तात्यांनी त्या दिवसापासून मिलिंदशी बोलणं टाकलं. मिलिंद बायकोला घेऊन खोडदला सासुरवाडीला राहायला गेला. तात्या रोज दुपारी माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसायचे. मी मुद्दाम उफराटेची गाणी लावायचो. ते उठून जायचे नाहीत, पण तोंड रस्त्याकडे.

शेवटी मिलिंदनं मला सांगितलं, "भाऊ, हे एक गाणं रेकॉर्ड करतो आन् ट्रंपेट ठेवून देतो. तात्या ऐकणारच नसतील तर फुकायचं कुणासाठी?" तो गेला की उफराटे संपलेच. वायरिंगला मदत करतो म्हणालो आणि गेलो खोडदला.

रेकॉर्डिंग त्याच्या सासऱ्यांच्या कांदे साठवायच्या बराखीत होतं. कांदे काढून झाले होते, पण वास तसाच. बांबूच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या सगळ्यांच्या अंगावर पडलेल्या. बाहेर शेतांपलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या पांढऱ्या तबकड्या. मधेच त्या सगळ्या मिळून हळूहळू मान वळवायच्या, आवाज न करता. मी बघत बसायचो आणि कुठला वार आहे तेसुद्धा विसरायचो. सगळ्यांचे मोबाईल बंद करून एका डब्यात ठेवलेले. हे लक्षात ठेवा.

तिसरा टेक, म्हणजे तेच गाणं तिसऱ्यांदा, चालू झाला. सहाही जणांच्या कानात तेच इअरफोन. लई भारी जमला होता. ड्रम पळतोय, गिटार उलटी पडतेय, मिलिंदचा सूर वर चढतोय... आणि गाण्याच्या मधोमध सगळे थांबले. सहाच्या सहा, एका क्षणी. मिलिंदनं ट्रंपेट खाली घेतलं. ड्रमवाला फक्त पायानं जमिनीवर मोजत होता. आठ पावलं. आणि पुन्हा सगळे एकदम सुरू. मला वाटलं, नवीन बसवलंय. मी तर खूश झालो.

गाणं संपलं तेव्हा सहाही जण एकमेकांकडे बघत होते. ड्रमवाला म्हणाला, "शिट्टी कुणी मारली?"

"मला बी आली," गिटारवाला म्हणाला. "कानातच आली."

मिलिंद खाली बसला. म्हणाला, "तात्यांची व्हती."

मी तिथेच होतो, इअरफोनशिवाय. मला काही ऐकू आलं नव्हतं. मिक्सरमधून इअरफोनला जे जातं तेच रेकॉर्डिंगला जातं, म्हणून टेक पुन्हा लावला. शिट्टी नाही. आठ पावलं तेवढी आहेत.

तासाभरानं शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला. सून शेतातून आली होती आणि म्हातारी ओटीवरच्या खाटेवर गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास झाला असेल. बराखीची आणि त्या ओटीची भिंत एकच.

संध्याकाळी मी घरी आलो. काही बोलायच्या आत सुनंदाच म्हणाली, "आज तात्यांचं काय झालं कुणास ठावं. तुमच्यामागं मी दुकानात बसले व्हते, तर तीनच्या सुमाराला बाकावर पेंगत व्हते. एकदम खिशातनं शिट्टी काढली आन् मारली. रस्त्याला काळं कुत्रं न्हाई. म्हटलं काय झालं, तर म्हणले, घर आलं."

आमच्या दुकानापासून खोडद गाडीवर सव्वा तास. रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपवर तिसऱ्या टेकची वेळ पडली होती... तीनला पाच कमी.

दुसऱ्या दिवशी मी मिलिंदला दुकानात बोलावलं. तात्या बाकावर होते. मी गाणं लावलं. तात्यांचं तोंड रस्त्याकडेच होतं, पण ती जागा आली आणि त्यांची चप्पल फरशीवर वाजायला लागली. आठ वेळा. गाणं सुरू झालं तशी थांबली.

मग ते वळले. "शिट्टी ऐकू आली व्हय?"

"आली, तात्या."

"मंग जयंतीला का न्हाई आली?"

मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आलं. "कानात बोळं व्हतं, तात्या. चुकलं माझं."

"बोळं तर कालबी व्हतं की," तात्या म्हणाले, आणि सरकून त्याला बाकावर जागा केली.

ते सहा इअरफोन मी उघडून पाहिलेत. मिक्सर पाहिला, सगळ्या वायरी मीटर लावून तपासल्या. बोट ठेवून दाखवावं असं काही सापडलं नाही. गाणं आठ पावलांसकट तसंच ठेवलंय, आणि मिलिंदनं ट्रंपेट सोडलेलं नाही. खरं सांगू? सगळ्यात मोठा फॅन मी, आणि तेवढी शिट्टी मलाच ऐकू आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.