राजानंद ड्रायव्हरची झोप

राजानंद खरात सुट्टीवर तीर्थपुरीला आला की पहिल्या दिवशी लोक भेटायला यायचे आणि तो झोपलाय असं पाहून परत जायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. बर्फाच्या डोंगरांतून फौजेच्या मोठमोठ्या गाड्या नेणारा हा माणूस घरी आला की बाजेवर, खुर्चीत, भिंतीला टेकून, कुठंही झोपायचा. मेहुण्याच्या लग्नात तो पंगतीत झोपला होता, समोर वरण वाढलेलं असताना. न्हाव्याच्या खुर्चीत तर इतका गाढ झोपला की न्हावी त्याला तसाच ठेवून जेवायला घरी गेला. गावानं त्याचं नाव 'झोप्या फौजी' ठेवलं. राजानंदला त्याचं काही वाटायचं नाही. कोणी चिडवलं तर तो चिडवणाऱ्याहून मोठ्यानं हसायचा.

त्याची बायको सुमेधा आणि मी एकाच शाळेत शिकवतो. आमचे वर्ग शेजारी शेजारी आहेत, मधल्या सुट्टीतला डबा एकत्र. त्यामुळे पुढचं सगळं मी काही तिच्याकडून ऐकलं, काही राजानंदकडून, आणि काही प्रसंग तर माझ्या डोळ्यांसमोरच घडले.

गाडीचं वेड त्याला वडिलांकडून आलेलं. तातेराव साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. शाळेला सुट्टी असली की राजानंद त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचा. तो कॉलेजात असताना तातेराव एका सकाळी उठलेच नाहीत, हृदय झोपेतच थांबलं होतं. पुढं राजानंद भरतीला गेला, निवडला गेला आणि ड्रायव्हर व्हायचं म्हणून हट्ट धरून बसला. ट्रेनिंगमध्ये घाटातली गाडी त्यानं अशी चालवली की शिकवणाऱ्या उस्तादांनी त्याची पाठ थोपटली. गाडीशिवाय दुसरं काही यावं अशी त्याची इच्छाही नव्हती.

पण एक गोष्ट त्यानं सुमेधा सोडून सगळ्यांपासून लपवली होती. गाडी चालवताना त्याचे डोळे मिटायचे. म्हणून तो खिशात हिरव्या मिरच्या ठेवायचा आणि वळणावळणाच्या रस्त्यावर एकेक चावत जायचा. डोळ्यांतून पाणी येई, पण डोळे उघडे राहत. शेजारी बसणारा बिष्ट नावाचा उत्तराखंडचा जवान समजायचा की मराठवाड्यातले लोक असेच खातात.

अशात त्याच्या युनिटमध्ये फौजेच्या डॉक्टरांची एक तुकडी आली. त्यांना एक संशोधन करायचं होतं. जवानाला झोप पुरेशी मिळाली नाही तर त्याच्या सज्जतेवर काय परिणाम होतो, म्हणजे हुकूम आल्यावर त्याचे हात, डोळे आणि डोकं किती झपाट्यानं कामाला लागतात, हे त्यांना पाहायचं होतं. यात जबरदस्ती कोणावर नव्हती. ज्याला वाटेल त्यानं नाव द्यावं, नको वाटलं तर मधूनच सोडावं. झोपेची परीक्षा म्हटल्यावर राजानंदनं सगळ्यांआधी हात वर केला. बिष्ट म्हणाला, यात तर तू मेडलच आणशील. राजानंदलाही तसंच वाटत होतं. त्यानं त्या दिवशी सुमेधाला फोन करून सांगितलं की जन्मभर ज्याच्यावरून लोक हसले, त्यात आता सरकारी नंबर येणार.

प्रत्येकाच्या मनगटाला घड्याळासारखा एक पट्टा बांधला. त्यात माणूस किती वेळ झोपला ते कळायचं. शिवाय रोज सकाळी एका छोट्या यंत्रासमोर बसायचं. त्यात लाल दिवा लागला की लगेच बटण दाबायचं, एवढंच काम. दिवा कधी लागेल याचा नेम नसे. राजानंदला वाटलं, यात काय अवघड आहे. पण निकाल लागला तेव्हा झोपेत तो पहिला होता आणि दिव्यात शेवटचा. दिवा लागून विझायची वेळ यायची आणि हा उघड्या डोळ्यांनी समोर बसलेला असायचा, बोट बटणावर तसंच.

संशोधनाच्या प्रमुख मेजर कल्याणी देशमुख होत्या. त्यांनी राजानंदला बोलावून घेतलं आणि हिंदीत विचारपूस सुरू केली. थकवा वाटतो का, डोकं दुखतं का, गाडी चालवताना डुलकी लागते का. राजानंदनं प्रत्येकाला नाही म्हटलं. मॅडमनी पुन्हा विचारलं तसा तो गडबडला आणि त्याच्या तोंडून घरची बोली निघाली.

"मॅडम, मी बिलकुल बराबर झोपून राह्यलो. काहीच कमी न्हाई."

मेजर कल्याणींनी मान वर केली. "जालन्याकडचे का तुम्ही?"

"तीर्थपुरीचा, मॅडम."

"मी जालन्यातल्याच मस्तगडची," त्या म्हणाल्या. मग पाच-दहा मिनिटं कामाचं काहीच बोलणं झालं नाही. त्यांचे वडील अजूनही मस्तगडलाच राहत होते. ज्वारीच्या हुरड्याची आठवण निघाली. राजानंद इतका खूश झाला की मॅडमनी त्याच्या बायकोशी बोलायची परवानगी मागितली तेव्हा त्यानं आनंदानं नंबर दिला. सुमेधा सांगेलच की नवरा किती झोपतो, म्हणजे प्रश्न मिटला, असा त्याचा हिशेब.

तो फोन आला तेव्हा आम्ही दोघी डबा खात होतो. फौजेतून बाईमाणसाचा फोन म्हटल्यावर सुमेधाचा चेहरा उतरला. मॅडमनी आधी राजानंद ठीक असल्याचं सांगितलं आणि मग एकच प्रश्न विचारला. झोपेत त्यांचा श्वास थांबल्यासारखा वाटतो का?

सुमेधानं हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाली, "थांबतो, मॅडम. घोरता घोरता एकदम गप होतात. मी कोपर मारते, मंग दचकून श्वास घेतात. लग्न झाल्यापासून मी कोपरच मारून राह्यले."

"हे कोणाला सांगितलं होतं?"

"कोणाला सांगणार? सगळे हसायचे."

आणि एकदा बोलायला लागल्यावर तिनं मिरच्यांचंही सांगून टाकलं. राजानंदनं ते गुपित फक्त तिलाच सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर तिनं डबा तसाच बंद केला. मी चूक केली का, असं ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती. मी म्हटलं, खरं बोललीस, चूक कशी होईल. पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती.

त्याच दिवशी राजानंदची गाडी बंद झाली. तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यानं स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा हुकूम आला आणि त्याला भांडारात टायर मोजायला बसवलं. सदा हसणारा माणूस, पण त्यानं सुमेधाचे फोन घेणं बंद केलं. घेतला तेव्हा एवढंच म्हणाला की तू माझी गाडी घालवलीस. सुमेधानंही रडण्यात वेळ घालवला नाही. ती म्हणाली, "गाडी गेली तर दुसरं काम मिळंल. तुम्ही गेलात तर मला दुसरा राजानंद कुठून मिळणार?" 

मग डोक्याला आणि छातीला तारा लावून, नाकाशी नळी ठेवून त्याची झोप तपासली. सकाळी मेजर कल्याणींनी त्याला समोर बसवून कागदावरच्या वर-खाली रेघा दाखवल्या. मधेमधे रेघ सपाट झालेली होती. ती जिथं सपाट, तिथं श्वास अडकलेला.

"तुम्ही खूप झोपता असं सगळ्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "खरं म्हणजे तुम्ही झोपतच नाही, राजानंद. डोळा लागला की घसा बंद होतो, श्वासासाठी शरीर तुम्हाला अर्धवट जागं करतं, आणि हे सकाळपर्यंत चालू राहतं. तुम्हाला आठवत नाही एवढंच. दिवसा जी झोप येते ती रात्रीच्या न झालेल्या झोपेची थकबाकी."

त्याच्या गळ्यातल्या गाठी, म्हणजे टॉन्सिल, फार मोठ्या होत्या आणि नाकाचं हाड एका बाजूला वाकलं होतं. दोन्हींवर ऑपरेशन करता येण्यासारखं होतं.

राजानंदनं भीत भीत विचारलं, "मंग मला घरी पाठवणार का, मॅडम?"

"तुम्हाला परत गाडीवर बसवता आलं, तर माझं संशोधन कामाचं," मेजर कल्याणी म्हणाल्या.

हे सगळं घरी त्याच्या आईला, दैवशालाबाईंना, कळलं. मग त्यांनी सांगितलं की तातेरावही असेच घोरायचे, असेच मधेच गप व्हायचे. त्यांच्या हाताला कोणी पट्टा बांधला नव्हता. एवढं बोलून त्या उठल्या आणि मुलाचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली.

ऑपरेशन मोठ्या लष्करी रुग्णालयात झालं. त्यानंतर काही दिवस राजानंदला बोलताच येत नव्हतं. तो व्हिडिओ कॉल करून नुसता आइस्क्रीमचा कप दाखवायचा आणि इकडं त्याची मुलगी तृप्ती जळफळायची. सूज उतरली, जखम भरली, आणि एका सकाळी तो बिगुलाच्या आधीच जागा झाला. डोकं हलकं होतं. त्याला वाटलं आपल्याला काहीतरी झालंय, कारण झोप येत नव्हती. आंघोळ करून, बूट चमकवून तो बसून राहिला. दुपार झाली तरी झोप येईना, तेव्हा घाबरून त्यानं मेजर कल्याणींना गाठलं. त्या इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. रात्री नीट झोपलेली माणसं दिवसभर अशीच असतात, असं त्यांनी त्याला समजावलं.

पुन्हा तारा लावून झोप तपासली. रेघा सकाळपर्यंत वर-खाली होत गेल्या होत्या, मधे कुठं सपाट नव्हत्या. लाल दिव्याच्या यंत्रासमोर बसला तर त्याचं बोट दिव्याबरोबरच खाली जायचं. पुढं काही आठवडे लक्ष ठेवून, गाडीच्या वेगळ्या परीक्षा घेऊन, त्याला स्टिअरिंग परत मिळालं. पहिल्या फेरीत एका वळणावर त्याला डोंगरातून पडणारा धबधबा दिसला. हा कधीपासून इथं आला, असं त्यानं बिष्टला विचारलं. बिष्ट म्हणाला, आपण पहिल्यांदा या रस्त्यानं गेलो तेव्हापासून.

युनिटमध्ये आता घोरणाऱ्यावर कोणी हसत नाही, असं राजानंद सांगतो. म्हणजे हसतात, पण हसून झाल्यावर त्याला डॉक्टरकडे पाठवतात. त्या संशोधनात आणखीही काही जण असे निघाले. त्यातल्या एकाला ऑपरेशन लागलं नाही, नाकाला लावायच्या यंत्रानंच भागलं.

या फेब्रुवारीत तो सुट्टीवर आला. पहिल्याच दिवशी लोक भेटायला आले, तर हा दारात उभा. आलेल्याला बसवून, चहा देऊन, तो एवढं बोलायचा की माणसं उठायची वाट शोधायची. दैवशालाबाईंनी दुपारी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. सुमेधा शाळेत येऊन माझ्याकडे तक्रार करायची. "बाई, पहिले घोरण्यानं झोपू देत नव्हते, आता बोलण्यानं. आणि ते गप झोपले की मीच उठून पाहते, श्वास चालू आहे का म्हणून." तक्रार करताना तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही लपत नव्हतं.

दैवशालाबाईंची एक इच्छा होती, वेरूळची बुद्ध लेणी पाहायची. राजानंदनं मित्राची जीप मागून आणली, आई, सुमेधा आणि तृप्तीला घेतलं, आणि आग्रहानं मलाही बसवलं. आईला त्यानं पुढं आपल्या शेजारी बसवलं. मुलाच्या गाडीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. तातेरावांनी कोणत्या शेतातला ऊस भरला, कोणत्या नाल्यात ट्रॅक्टर रुतला, कोणत्या लिंबाखाली भाकर खाल्ली, हे त्या रस्ताभर दाखवत राहिल्या. राजानंदला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो विचारत होता, त्या सांगत होत्या. अंतरवाली सराटीच्या चौकात आम्ही चहाला थांबलो, तरी त्यांचं बोलणं थांबलं नाही. चहावाल्यालाही त्यांनी सांगून टाकलं की गाडी माझा मुलगा चालवून राह्यला.

वेरूळला त्या गुडघे धरून पायऱ्या चढल्या. कमानीच्या छताचं जे मोठं चैत्य आहे, तिथं मूर्तीसमोर बसून त्यांनी हलक्या आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज छताला लागून मोठा होऊन परत आला, तशा त्या दचकल्या. मग राजानंदनं त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला. ऑपरेशननंतर त्याचा गळा असा मोकळा झालाय की त्याच्या आवाजानं सगळं चैत्य भरून गेलं. बाजूला फोटो काढणारी माणसं हात खाली करून ऐकत उभी राहिली. म्हणून झालं तेव्हा तृप्ती बापाकडे बघतच राहिली होती.

दैवशालाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "अजून एकदा म्हण," त्या म्हणाल्या.

त्यानं पुन्हा म्हटलं.