डब्यावर लिहिलेलं

मी काय काम करते हे आईला समजावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. "लोकांना जी माहिती हवी असते ती पटकन दिसेल, चटकन कळेल अशी मांडायची," मी सांगायची. "दवाखान्यात गेलीस की एक्स-रे कुठे, बिल कुठे भरायचं, हे कुणाला न विचारता कळलं पाहिजे. मोबाइलवर कुठलं बटण दाबायचं ते कळलं पाहिजे." आई सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हणजे पाट्या रंगवतीस." ह्यावर माझा पुणेकर नवरा इतका खूश व्हायचा की त्याला चहा विचारायची माझी इच्छाच उरायची नाही.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि मी आईला निपाणीहून बेंगळुरूला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे हातापाया पडून आणली. मी एकुलती एक. तिकडे ती एकटी, आणि इकडे मी व्हाइटफील्डच्या कॅबमध्ये बसून रोज फोन करणार, "जेवलीस का?" ती म्हणणार, "जेवले की," आणि तिच्या आवाजावरून मला कळणार की बाई काही जेवलेली नाही. पण लेकीकडे राहायचं म्हणजे तिच्या अगदी जिवावर आलेलं. "महिनाभर येते. जमतंय का बघते. जावयाच्या घरी बसून किती दिवस खायचं असतंय?" ह्या बोलीवर ती आली. मी तिच्यासाठी अख्खं कपाट रिकामं करून ठेवलं होतं, तरी तिने आपली निळी बॅग राजाजीनगरच्या आमच्या फ्लॅटच्या दाराशीच ठेवली, चपलांच्या स्टँडला लागून. सकाळी तिच्यातून साडी काढायची, वाळलेली साडी घडी घालून पुन्हा तिच्यातच ठेवायची. मला आई कायमची हवी होती. बास, दुसरं काही नको होतं.

मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या शहरात ती बावरेल. कसली बावरतेय! निपाणीची बाई, कन्नड मराठीइतकंच फाडफाड. चार दिवसांत फुलवाल्या अक्कापासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळे तिच्या ओळखीचे. भाजीवाल्याशी 'स्वल्प कमी माडी' करून हुज्जत घालायची आणि वर कढीपत्ता फुकट आणायची. एकदा बसने एकटी बसवनगुडीला जाऊन आली, शेंगदाण्याचा प्रसाद घेऊन. मी तिला मोबाइलवर नकाशा शिकवणार होते, तो बेत मुकाट्याने गुंडाळला.

आई हरवायची ती माझ्या स्वयंपाकघरात.

आता माझ्या स्वयंपाकघराबद्दल सांगायलाच हवं, कारण मला त्याचा अभिमान होता. एका मापाच्या, एका उंचीच्या काचेच्या बरण्या, एकसारखी लाकडी झाकणं, एका ओळीत. प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी. आई येणार म्हणून मी सगळ्या चिठ्ठ्या नव्याने मराठीत छापल्या होत्या, ठळक देवनागरीत, चष्म्याशिवाय वाचता येतील अशा. ऑफिसात त्याचे फोटो दाखवून मी वाहवाही मिळवली होती. आणि आई? फोडणीत मोहरी टाकायची तर आधी पाच बरण्या उघडायची. वास घ्यायची, चिमूट जिभेवर ठेवायची, तोंड वाकडं करायची, पुढची बरणी. तोवर तेल जळून जायचं. ज्या बाईने आयुष्यभर सणावाराला पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक एकहाती केला ती गॅस बारीक करून बरण्यांसमोर उभी राहायची. मला बघवायचं नाही, आणि बघवत नसलं की मी चिडते. "आई, वाच की!" मी ओरडायची. "वाचते गं," ती म्हणायची आणि पुढची बरणी हुंगायची.

होळी आली. शेजारच्या अक्का सणासुदीला त्यांचा ओबट्टू आणून द्यायच्या, म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळीच. आईने त्यांना ऐटीत सांगितलं, "ह्या वेळी आमची पोळी खायची. तव्यावरची गरम." बेंगळुरूत आल्यापासून पहिल्यांदा तिने पदर खोचला. पुरण असं झालं होतं की मी जाता-येता दोनदा पातेल्यात बोट घातलं आणि दोनदा फटका खाल्ला. अक्का खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच बसल्या.

पुरणपोळी लाटायला तांदळाची पिठी लागते. अक्कांसमोर हुंगणं-चाखणं बरं दिसेना म्हणून आईने नुसत्या नजरेने बरणी काढली, पोळपाटावर पिठी भुरभुरवली, लाटायला लागली. पोळी लाटण्याला चिकटली. आईने आणखी भुरभुरवली. आणखी चिकटली. "इथली हवाच दमट," ती म्हणाली आणि मूठभर ओतली. जिद्दीने लाटून पोळी तव्यावर टाकली, तर ती फुगायच्या ऐवजी तडतडली, तपकिरी झाली, काळी झाली आणि धूर काढत तव्याला अशी बिलगली की उलथनं वाकलं. आईने पिठी म्हणून पिठीसाखर वापरली होती. आमच्या घरी त्या दिवशी पुरणपोळीची चिक्की झाली.

नवऱ्याने एक तुकडा कडकन मोडून खाल्ला आणि म्हणाला, "वेगळीच आहे. कुरकुरीत." पुण्याच्या माणसाने एवढं कौतुक केलं म्हणजे परिस्थिती किती गंभीर होती ते ओळखा. अक्का बिचाऱ्या "परवागिल्ला, परवागिल्ला," म्हणत राहिल्या, काही हरकत नाही म्हणून, आणि तोंडातला घास कितीतरी वेळ चघळत राहिल्या. आईने तवा भिजत घातला, हात पुसले आणि बाहेर जाऊन बॅगेशी बसली. "माझं डोकं चालंना झालंय," ती म्हणाली. "घरातलं मीठ-पीठ मला ओळखू येईना. कशाला तुझ्या गळ्यात पडू? निपाणीला जाते. तिथं निदान लोकांसमोर हसं व्हायचं नाही."

मी घाबरले. वय झालं की माणसं विसरायला लागतात, पुढे काय काय होतं, हे सगळं मी ऐकून होते. नवरा हळूच म्हणाला, "डॉक्टरला दाखवूया का?" त्याचा मला राग आला, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पेपर वाचत बसली होती. बेळगावच्या नातलगांनी पाठवलेला मराठी पेपर, चष्मा न लावता, पार शेवटच्या पानावरच्या बारीक जाहिरातींपर्यंत. मी बघतच राहिले आणि मग माझा तोल सुटला. "हे एवढंसं अक्षर दिसतं तुला? मग बरणीवर ढळढळीत 'पिठीसाखर' लिहिलंय ते नाही दिसलं?"

"दिसलं की," आई म्हणाली.

"मग?"

"मग काय? डब्यावर लिहिलेलं कोण वाचतंय?" तिने पेपर खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं, जणू डॉक्टरला मलाच दाखवायला हवं. "डब्यावर लिहिलेलं कधी खरं असतंय का?"

आणि मला आमचं निपाणीचं फडताळ आठवलं. बिस्किटांच्या डब्यात शेवया. तुपाच्या डब्यात हरभऱ्याची डाळ. माझ्या लहानपणीच्या दूध पावडरच्या डब्यात तिखट, आणि डब्यावर गुबगुबीत बाळ हसतंय. 'चहा' आणि 'साखर' असं ठोकून लिहिलेली पितळी जोडी होती, तर 'चहा'मध्ये साखर आणि 'साखर'मध्ये चहा, कारण साखर जास्त लागते आणि चहाचा डबा मोठा. आमच्या घरी डब्यावर जे लिहिलेलं असे ते सोडून बाकी काहीही आत असू शकायचं. आणि तरी अंधारातसुद्धा आईचा हात चुकायचा नाही. चेपलेलं झाकण म्हणजे हिंग, खालच्या फळीवरचा उंच म्हणजे पोहे, उचलल्यावर खुळखुळला म्हणजे शेंगदाणे. वेगळं असेल ते वेगळं दिसलं पाहिजे, हे मी ऑफिसात घसा कोरडा पडेपर्यंत सांगते. आणि घरी मी सगळ्यांना एकच गणवेश घालून ओळीत उभं केलं होतं, वर गळ्यात चिठ्ठी अडकवून, आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही हे तर ह्या बाईचं आयुष्यभराचं शहाणपण.

मी हसायला लागले. मग रडायलाही लागले. "अगं, झालं काय तुला?" आई म्हणाली. "तुझं डोकं ठणठणीत आहे," मी म्हणाले. "ते मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. आदल्या दिवशीचं सगळं एका रात्रीत विसरली होती, सोयीनं.

पण बॅग तयारच होती. मी निपाणीच्या शेजारच्या काकूंना फोन केला, किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी फडताळ पोत्यात रिकामं केलं, तोंड शिवलं आणि रात्रीच्या बसच्या डिकीतून पाठवून दिलं. ते पोतं फ्लॅटमध्ये ओतलं तेव्हा भांड्यांचा असा आवाज झाला की अक्का धावत आल्या. माझ्या बरण्या गेल्या माळ्यावर. त्यांच्या जागी पोचे आलेले, गंजलेले, रंग उडालेले डबे आले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. ते हसरं बाळ गॅससमोरच विराजमान झालं. माझ्या डोळ्यांना अजून त्रास होतो, खोटं कशाला बोलू. पण आई त्यातून वळून न बघता हात घालते. पुढच्या पोळ्या फुगल्या, अक्कांनी मागून घेतल्या. हरवतो आता आम्ही दोघं. नवऱ्याने परवा चहात मेथ्या घातल्या.

महिना केव्हाच उलटला. आई जायचं नाव काढेना आणि मी विचारेना. विचारलं आणि "हो, निघते," म्हणाली तर? बॅग आपली दाराशीच, चेन लावलेली. नवरा म्हणाला, "एकदा विचारून टाक." मी त्याला म्हटलं, तू तोंड उघडू नकोस. एका रविवारी मात्र चपला काढताना माझं बोट त्या बॅगेला जोरात आपटलं. कळ डोक्यात गेली. म्हटलं, एकदाचं बघूच, काय ती जायची तयारी, आणि खर्रकन चेन ओढली.

आत कांदे होते. कांदे, खाली बटाटे, कोपऱ्यात लसणाच्या गड्ड्या.

"आई!" मी तिथूनच ओरडले. "साड्या कुठायत तुझ्या?"

"कपाटात. कधीच्या ठेवल्यात," स्वयंपाकघरातून आवाज आला. "बॅग दिसली म्हणून आत साड्याच असाव्या लागतात होय गं? आणि ती चेन आता उघडीच ठेव, कांद्यांना जरा वारा लागू दे."